पिशवीवरची पाठ

कोबी, कांदे आणि पाव कोंबलेली पिशवी सुनेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि ती हात धुवायला नळाकडे वळली. मागून काहीच आवाज आला नाही याचं तिला नवल वाटलं. एरवी पिशवी टेकायच्या आत सासूचं सुरू व्हायचं, कांदे ओले तर नाहीत ना, पाव आजचाच आहे ना. तिने वळून पाहिलं. सासू खुर्चीतून अर्धवट उठून, दोन्ही तळवे टेबलावर रोवून पिशवीकडे बघत होती. तोंडावरचा रंग पार उतरला होता.

"आई, काय झालं? झुरळ आहे का आत?"

"हा पडदा माझा आहे," सासू म्हणाली.

सुनेला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. घरातले पडदे सगळे जागच्या जागी होते. मग तिच्या लक्षात आलं, सासू पिशवीवरच्या चित्राबद्दल बोलतेय.

पिशवी साधी होती. जाड कापडाची, लांब बंदांची, धुवून पुन्हापुन्हा वापरायची. सून एका दंतवैद्याच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, आलेल्यांना वेळा द्यायची. तिथल्या मैत्रिणीने नोकरी सोडताना ती पिशवी तिला आठवण म्हणून दिली होती. शहरातल्या आधुनिक कलादालनाच्या दुकानातली पिशवी, वर कुणा नावाजलेल्या चित्रकाराचं चित्र छापलेलं. एक तरुण बाई पाठमोरी बसलीय, कमरेपर्यंत उघडी, ओले केस एका खांद्यावरून पुढे घेतलेले. पायाशी निळी बादली, बाजूला खिडकीचा पडदा, आणि सगळ्यावर दुपारचं पिवळं ऊन. सुनेला त्यातलं ऊन आवडायचं. बाकी चित्रकलेशी तिचं देणंघेणं भिंतीच्या रंगापुरतंच.

"आई, पडद्यासारखा पडदा असतो."

"असा नसतो." सासूने बोट टेकवलं. "हे बघ. वरचं कापड हिरवं, ऑपरेशनच्या खोलीतलं. खालचं पट्ट्यापट्ट्यांचं, वॉर्डातल्या जुन्या उशीचं. लांबीला कमी पडलं म्हणून मी जोड दिला. आणि जोड तिरका गेला, कारण मला झोप आली होती. हा बघ तिरका जोड."

जोड खरंच तिरका होता.

सासूला सगळे टाकेमावशी म्हणत. उभी हयात तिने मोठ्या इस्पितळाच्या कापडखोलीत काढली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले झगे, डॉक्टरांचे खिसे लोंबणारे कोट, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. "डॉक्टर माणसांना टाके घालतात, ही चादरींना," असं कुणीतरी गमतीने म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रस्त्यात एखादी पांढऱ्या केसांची परिचारिका "अगं टाके!" करून गळ्यात पडायची. बाई तोंडाने तिखट, हाताने सढळ, आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की एकदम मुकी. सुनेला लग्नानंतर इतक्या वर्षांत एवढंच कळलं होतं की सासूसासऱ्यांनी संसार कुठल्याशा गोदामाशेजारच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या खोलीत मांडला आणि नंतर ती खोली सोडली. का सोडली, हे विचारलं की सासू म्हणायची, "उकडायचं फार."

त्या दिवशी जेवताना टाकेमावशी घास नुसता चिवडत राहिली. सासऱ्यांचा फोटो समोरच्या फळीवर असायचा. ते बसचालक होते, फोटोतही गणवेशाची टोपी घालून हसत होते. जेवण झाल्यावर ती उठली, फोटोजवळ गेली, त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहिलं आणि फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

सुनेने हातातली थाळी खाली ठेवली. "आई! बाबांनी काय केलं?"

"तेच विचारतेय मी त्यांना. खोली माझी, पडदा माझा, बादली माझी. मग ही भवानी कोण? अर्धी उघडी, केस सोडून, माझ्या स्टुलावर बसलीय! मी कापडखोलीत मान मोडून मशीन चालवत होते तेव्हा घरी हे चालायचं?"

गेलेल्या माणसावर असा आरोप! सुनेला हसावं की कानावर हात ठेवावेत कळेना. नवरा, म्हणजे टाकेमावशीचा एकुलता एक मुलगा, पाइपांच्या कामाला बाहेरगावी गेला होता, त्यामुळे हे एकटीनेच निस्तरायचं होतं. बाबा तसे नव्हते, असं म्हणायला ती पिशवी हातात घेऊन दिव्याखाली गेली, आणि तिचं लक्ष त्या डागावर गेलं. बाईच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, नखाच्या कोरीसारखा तांबूस डाग. सुरुवातीला तिला तो मसाल्याचा वाटला होता. दोनदा साबण लावून घासलाही होता. निघाला नाही, तेव्हा छपाईतली चूक म्हणून तिने नाद सोडला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या पाठीवर काही खूण आहे का हो?"

"मला काय ठाऊक? माझी पाठ मी कधी पाहिलीय?" मग आठवून, "लहान असताना धुलाईघरात होते. इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्याला टेकले होते एकदा. त्याला किती काळ लोटला. राहिलीय थोडीच खूण."

"दाखवा बरं."

"तुला काही लाजबीज?"

पण ती न्हाणीघरात गेली. सुनेने दार लोटलं, झग्याची मागची बटणं काढली. पाठ आता वाकली होती, कातडी सैल पडली होती, मणके दिसत होते. आणि डाव्या खांद्याच्या पात्यावर, फिकट झालेली पण तीच, नखाच्या कोरीसारखी खूण.

 सुनेने नुसतं बोट तिथे टेकवलं. टाकेमावशी आरशात तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिला उत्तर तिथेच मिळालं. ती बादलीची कड धरून हळूहळू खाली बसली.

"मी आहे," ती म्हणाली. "अगं, ती मी आहे."

पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे बाहेर जाऊन नवऱ्याचा फोटो सरळ केला. "चुकलं हो," असं काहीतरी पुटपुटली. मग खुर्चीत बसली, आणि खरा धक्का तिला तेव्हा बसला. सुनेने तो तिच्या चेहऱ्यावर येताना पाहिला.

"पण मी कुणापुढे बसले नव्हते गं! कुठल्या चित्रकाराला मी ओळखत नाही. पाळीवरून आले की दुपारी अंघोळ करून केस वाळवायची, आपल्या घरात, दार लावून. समोर गोदाम होतं. त्याच्या खिडकीला आतून पोती लावलेली. तिथे कुणी राहत नाही म्हणूनच मी पडदा सरकवायची, वारा यावा म्हणून." ती सुनेकडे बघत राहिली. "म्हणजे तो बघत होता. पोत्याच्या फटीतून. रोज."

 ही पिशवी खांद्याला अडकवून सून बाजारात गेली होती, दवाखान्यात गेली होती. खाटकाने तोलून दिलेलं मांस तिने त्या पाठीमागे ठेवलं होतं. स्वतःच्या सासूची उघडी पाठ घेऊन ती गावभर हिंडली होती.

पुढचे काही दिवस घरातले सगळे पडदे भर दिवसा बंद राहिले. टाकेमावशी उकाड्यातही खांद्यावर शाल घेऊन बसायची. दवाखान्यात जाताना सुनेला आता ती पिशवी जिकडेतिकडे दिसायला लागली. बसमध्ये एका शाळामास्तरणीच्या खांद्यावर, फळवाल्याच्या खिळ्याला, एका म्हाताऱ्याच्या काखेत त्याच्या वर्तमानपत्रासकट. एका मुलीने ती जमिनीवर ठेवून वर पाय टेकले होते. सुनेच्या तोंडून निघून गेलं, "पाय काढ गं!" मुलगी दचकली. सून ओशाळून एक थांबा आधीच उतरली.

नवरा परत आला. त्याला सांगायचं कसं, हा प्रश्नच होता. सुनेने पिशवी पुढे धरली आणि एका दमात सांगून टाकलं. तो आधी हसला, मग लाल झाला, मग पिशवी हिसकावून म्हणाला, "जाळून टाकतो."

"माझ्या पाठीला काडी लावतोस?" आतून आईचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली. "एक जाळशील. बाकीच्यांचं काय करशील? मला तिथे घेऊन चल. ज्याने काढलं त्याला विचारायचंय मला."

चित्रकार मरून बरीच वर्षं झाली होती. जिवंतपणी कुणी विचारलं नाही, मेल्यावर नाव झालं, असं पिशवीच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. सुनेने ते वाचून दाखवलं. टाकेमावशी म्हणाली, "मेला तर मेला. चित्र तर आहे ना जागेवर?"

कलादालनात तिघं गेली तेव्हा सकाळ होती आणि गर्दी नव्हती. टाकेमावशीने गळ्यापर्यंत बटणं असलेला झगा घातला होता, वर शाल. दारातल्या दुकानात तिच्या पाठीची रासच होती. पिशव्या, कप, उशांचे अभ्रे. ती मान खाली घालून तिथून निघाली, पायांखालची जमीन तापल्यासारखी भरभर. दालनाच्या रखवालदाराने शेवटच्या खोलीकडे हात केला.

चित्र आडवं होतं. पिशवीवर उभा तुकडा होता, त्यामुळे सुनेने तसंच काहीतरी उभं डोक्यात धरलं होतं. पण हे भिंतभर पसरलेलं होतं, दोन दारं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं. उजव्या अंगाला ती, स्टुलावर, पाठमोरी. मधे फरशीवर उन्हाचा पट्टा. आणि डाव्या अंगाला, घडी घातलेल्या गोधडीवर एक तान्हं बाळ पालथं झोपलेलं. एक मूठ गालाखाली, एक पाय दुपट्याबाहेर.

"हे पिशवीवर नव्हतं," सून म्हणाली.

तिचा नवरा चित्राजवळ सरकला. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला होता. "आई, हा मी का गं? केवढासा होतो!"

 टाकेमावशी चालत पुढे गेली, इतकी पुढे की रखवालदाराने घसा खाकरला. तिचं तोंड उघडं होतं. सुनेने माणसं घाबरलेली पाहिली होती, रडताना पाहिली होती, दवाखान्यात ती रोजच दिसायची. पण असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा.

"तू नाहीस," टाकेमावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"तू तेव्हा नव्हतास. तू नंतर. ही बबडी आहे."

"कोण बबडी?"

"माझी मुलगी." तिने चित्रावरची नजर काढली नाही. "सात महिन्यांची होती. ताप आला. मी तिला आमच्याच इस्पितळात नेलं, सगळे ओळखीचे, सगळे धावले. दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या खाली जी चादर होती ना, ती मीच शिवलेली होती. तिरका जोड नव्हता त्याला. नीट शिवली होती."

सून आणि तिचा नवरा एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. फोटो नव्हता, खेळणं नव्हतं, एखादं टोपडंसुद्धा नव्हतं. सासऱ्यांनी शेवटच्या आजारात काय काय बडबड केली होती, पण हे नाही.

"सांगितलं का नाहीस?" मुलाने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"काय सांगायचं? तुझ्या बाबांनी एकदा विचारलं, तिचं नाक कसं होतं गं, आठवत नाही. मलाही सांगता येईना. दोघं घाबरलो. फोटो काढायचा होता, पुढच्या महिन्यात काढू म्हणत राहिलो. मग आम्ही ती खोली सोडली आणि बोलणंच सोडलं." तिने हात वर नेला आणि रखवालदार पुढे यायच्या आत मागे घेतला. "असं होतं. बघ. असं होतं नाक."

तो पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, हातांना पाइपांचं काळं लागलेलं, त्या सात महिन्यांच्या बाळासमोर उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे ही माझी ताई." आणि मग त्याला रडू आवरेना.

रखवालदाराने कुणाला तरी बोलावलं. दालनाचं काम बघणाऱ्या बाई आल्या, चष्मा डोक्यावर, हातात किल्ल्या. या मंडळींना काय झालंय हे त्यांना आधी कळेना. सुनेने सांगितलं. बाई आधी ओठांतल्या ओठांत हसल्या, असे दावे करणारे त्यांना नवे नसावेत. पण टाकेमावशीने पडद्याचं कापड, गोदामाची गल्ली, बादलीचा मोडका कान सांगितला, आणि मग शाल खाली सोडून म्हणाली, "सूनबाई, बटण काढ."

"आई, इथे?"

"सगळ्या गावाने पाहिलीय. या एकटीनेच बघायचं राहावं का?"

मागची वरची दोनच बटणं काढावी लागली. दालनाच्या बाईंनी खूण पाहिली, चित्राकडे पाहिलं, आणि जवळच्या बाकावर बसल्या. त्यांनीच ते चित्र पिशवीसाठी निवडलं होतं. "बाळ मीच कापलं," त्या म्हणाल्या. "पिशवीच्या मापात बसेना म्हणून. आजी, मला काय म्हणावं ते कळत नाही."

"मला तरी कुठे कळतंय?" टाकेमावशी बाकावर त्यांच्या शेजारी बसली. "तो आत्ता समोर आला असता ना, तर सणसणीत कानाखाली दिली असती. माझ्या घरात, माझ्या अंगावर डोळा ठेवून बसला. विचारलं नाही, पुसलं नाही. थोबाडच फोडलं असतं मी त्याचं." तिने शाल पुन्हा खांद्यावर ओढली. "आणि मग पाय धरले असते. हे कसं करायचं, सांगा तुम्ही. एका माणसाचं दोन्ही कसं करायचं?"

बाई हातातल्या किल्ल्या एकेक करून सरकवत राहिल्या.

फोटोची, पत्रकारांची गोष्ट बाईंनी काढली तेव्हा टाकेमावशीने साफ नकार दिला. माझं नाव कुठे यायचं नाही, आणि ते कप बंद करा, माझ्या पाठीला लोक चहा पितात हे मला सहन होत नाही. बाईंनी मान डोलावली. कप गेले. पिशव्या मात्र लोकांच्या घरी गेलेल्या होत्या, त्या कोण परत आणणार? आजही बसमध्ये एखादी दिसते. सून नजर वळवते. टाकेमावशी वळवत नाही, धरणाऱ्याकडे बघते, असं की तो उगाच सदऱ्याची बटणं चाचपतो.

महिनाभराने दालनाच्या बाईंचा फोन आला. चित्रकाराच्या सामानातल्या, कुणी नीट न पाहिलेल्या कागदांच्या पेटीत काही सापडलं होतं. तिघं पुन्हा गेली. आतल्या खोलीत मोठ्या टेबलावर बाईंनी पेन्सिलीने काढलेली चित्रं मांडून ठेवली होती. टाकेमावशीची पाठ दोनतीन कागदांवरच होती, तीही नुसत्या रेषांत. बाकी सगळी बबडी. बबडी उताणी, बबडी अंगठा चोखताना, बबडी रांगायच्या बेतात कोपरावर उठलेली. आणि जवळजवळ प्रत्येकात तिचे डोळे उघडे होते. ती थेट समोर बघत होती, कागदाबाहेर, बघणाऱ्याकडे. एका चित्रात तिने हात पुढे केला होता आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसत होती.

सुनेच्या आधी टाकेमावशीला कळलं. ती खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाली, "अगं बाई!"

"काय झालं, आई?"

"माझी पाठ खिडकीकडे असायची. ती माझ्या समोर, तोंड खिडकीकडे. आणि मधेच अशी हसायची, अशी हात करायची, की मी म्हणायचे, कबुतरांना हसतेय माझी बाय. मी कधी वळून पाहिलंच नाही." तिने त्या हसऱ्या चित्राकडे पाहिलं. "कबुतरं नव्हती ती. तिला दिसत होता तो. रोज दिसत होता. एवढीशी होती, आणि मला सांगितलं नाही."

ती हसली, की हुंदका होता, कुणाला नक्की कळलं नाही.

बाईंनी त्या चित्राची प्रत करून दिली. मुलाने ती स्वतः चौकटीत बसवली, फळीवर सासऱ्यांच्या फोटोशेजारी ठेवली. कामावरचे लोक घरी आले आणि "हे कोण बाळ?" म्हणून विचारलं, की तो सांगतो, "माझी मोठी बहीण." माणसं चित्राकडे बघतात, त्याच्या टकलाकडे बघतात आणि गप्प बसतात. टाकेमावशी आता बबडीबद्दल बोलते. जेवताना, भाजी निवडताना, मधेच. तिला केस कसे नव्हते, सासऱ्यांच्या टोपीला कशी घाबरायची, ढेकर कसा मोठ्या माणसासारखा द्यायची. कधी कधी तेच तेच सांगते. सून ऐकते, दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

एकदा तिने विचारलं, "आई, त्या चित्रकाराचा राग गेला का हो?"

"नाही," टाकेमावशी म्हणाली. "कशाला जाईल?" आणि तिने शेंगांची परात तिच्याकडे सरकवली.